कानात सांगितलेल्या कबरी

समीक्षेचा विषय म्हणजे छापलेले पुस्तक, ही आपली समजूत अजून पुरती गेलेली नाही. नाटकाची समीक्षा होते, चित्रपटाची होते, अलीकडे जाहिरातींचीही होऊ लागली आहे. पण एखाद्या जुन्या वास्तूपुढे उभ्या राहिलेल्या माणसाला जे सांगितले जाते, त्या सांगण्याकडे वाङ्मय म्हणून पाहायला आपण तयार नसतो. वास्तविक पुष्कळ माणसे इतिहास वाचून नव्हे, तर असा ऐकूनच घरी नेतात आणि पुढे मुलाबाळांना तोच सांगतात. ते सांगणे खरे की खोटे हे इतिहासकार पाहतील. ते रचले कसे आहे, त्यात काय निवडले आणि काय गाळले, आणि ते कोणाला उद्देशून बोलते, हे पाहणे मात्र समीक्षकाचेच काम आहे.

प्रस्तुत लेखात मी बऱ्हाणपूरच्या कबरींविषयीच्या श्राव्य निवेदनांचा विचार करणार आहे. मोबाइलवर ऐकता येतील अशी बरीच निवेदने आज उपलब्ध आहेत. त्यांतली काही मी उतरवून घेतली, फोन खिशात टाकला, इअरफोन कानात घातले आणि दोन दिवस या कबरीकडून त्या कबरीकडे, काही पायी, काही रिक्षाने हिंडलो. वाटाड्या घेतला नाही. कानातला आवाज सांगेल तिथे थांबायचे आणि तो दाखवील ते पाहायचे, एवढाच नियम. कोणा एका निवेदकाला दोष देण्याचा हेतू नसल्याने मी नावे घेत नाही. बहुतेकांचे गुणदोष इतके सारखे आहेत की त्यांना मिळून एकच संहिता समजले तरी अन्याय होणार नाही.

१

हा प्रकार दिसायला नवा आहे. वस्तुसंग्रहालयात प्रेक्षकाच्या कानाला यंत्र लावून माहिती ऐकवण्याची सुरुवात १९५२ साली ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात झाली. पुढे १९८७ मध्ये अमेरिकेतल्या अल्काट्राझ या जुन्या तुरुंगासाठी जी ध्वनिफीत तयार झाली, तिच्यात तिथल्याच माजी पहारेकऱ्यांचे आणि माजी कैद्यांचे आवाज होते. ज्याने कोठडीत वर्षे काढली त्याचाच आवाज कोठडीसमोर ऐकायचा, या एका निवडीने निवेदनाचा दर्जा कसा बदलतो ते लक्षात घेण्यासारखे आहे.

पण मराठी वाचकाला या प्रकाराची खरी पूर्वपीठिका परदेशात शोधायला नको. महानुभावांची ‘स्थानपोथी’ आपल्याकडे चौदाव्या शतकापासून आहे. श्रीचक्रधरस्वामी कोणत्या गावी थांबले, कोणत्या देवळात बसले, ते देऊळ गावाच्या कोणत्या दिशेला, त्याचे दार कोणीकडे, तिथून पुढचे स्थान किती दूर, असे या ग्रंथाचे एकूण स्वरूप आहे. वाट विचारायला कोणी भेटले नाही तरी भक्ताने एकट्याने जाऊन ती जागा नमस्कारावी, यासाठी केलेली ही रचना आहे. तिच्यात भावना ओथंबत नाही, विशेषणे जवळजवळ नाहीत. श्रद्धा आहे ती जागेच्या अचूकपणात. जी जागा पूज्य तिच्याविषयी ढोबळ बोलायचे नाही, ही त्या गद्याची शिस्त आहे. मी बऱ्हाणपूरची निवेदने ऐकताना मापदंड म्हणून हीच शिस्त हाताशी ठेवली.

२

पहिला मुक्काम अर्थातच शाहनवाजखानाच्या कबरीचा. उतावळी नदीच्या काठी काळ्या दगडाची ही इमारत आहे. चारही कोपऱ्यांना मिनार, मधोमध घुमट, आत रंगकाम. कानातला आवाज पहिल्याच वाक्यात तिला ‘काळा ताजमहाल’ म्हणतो आणि त्यानंतर शेवटपर्यंत ताजमहालाविषयीच बोलत राहतो.

शाहनवाजखान म्हणजे मिर्झा इरीज, अब्दुर्रहीम खानखानाचा थोरला मुलगा. तो १६१९ साली वारला. ताजमहालाचे काम सुरू झाले ते १६३२ च्या सुमारास. म्हणजे थोरल्या भावाची ओळख धाकट्याच्या नावाने करून द्यावी तसा हा प्रकार आहे. नाव लोकांनी दिलेले आहे आणि लोकांना नावे देण्याचा अधिकार आहे, हे मला मान्य आहे. पण निवेदकाने त्या नावापाशीच थांबावे हे मान्य होत नाही. कारण या घुमटाखाली एका बापाचे दुःख आहे, आणि तो बाप रहीम आहे. शाळेत हिंदी शिकलेल्या प्रत्येकाने ज्याचे दोहे पाठ केले तो रहीम. मुलाचे मरण अतिमद्यपानाने झाले, असे खुद्द जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत नोंदवले आहे. त्याच सुमारास रहीमचा दुसरा मुलगा रहमानदाद हाही गेला, तो आपल्या वऱ्हाडातल्या बाळापूरला. पुढे दाराबखान नावाच्या तिसऱ्या मुलाचे शीर राजकारणात उडवले गेले. रहीम स्वतः १६२७ मध्ये वारला आणि दिल्लीत पुरला गेला. ज्या शहराची सुभेदारी करण्यात त्याच्या आयुष्याची उमेदीची वर्षे गेली, तिथे त्याचे उरले ते मुलाची कबर आणि कुंडी भंडाऱ्याचे पाणी.

यातले जवळजवळ काहीही मला कानात ऐकू आले नाही. ऐकू आले ते सतारीचे पार्श्वसंगीत, ‘अद्भुत’, ‘बेमिसाल’, आणि ताजमहालाशी केलेली तुलना. ज्याची कबर, तोच तिच्या निवेदनात पाहुणा झालेला. साहित्यात आपण याला आशयाशी प्रतारणा म्हणतो. इथेही तोच शब्द वापरायला हरकत नाही.

३

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. शाहजहानचा मुलगा शाहशुजा, त्याची बेगम बिल्कीस बानू. ती इराणच्या सफवी घराण्यातल्या रुस्तम मिर्झाची मुलगी. लग्न १६३३ मध्ये झाले आणि १६३४ मध्ये बाळंतपणात ती बऱ्हाणपूरला मरण पावली. तिची कबर लहानशी, पाकळ्यापाकळ्यांच्या घडणीची आहे. आत फुलापानांचे रंगकाम आहे, आणि ते पाहताना मान अवघडली तरी माणूस हलत नाही. बाहेरच्या आकारावरून लोक तिला ‘खरबूजा महल’ म्हणतात. सगळी निवेदने हे फळाचे नाव आवर्जून सांगतात. बाईचे नाव काहींनी घाईत उरकले, काहींनी ‘शाहशुजाची बेगम’ एवढ्यावर भागवले.

आता याच्या तीन वर्षे आधीची गोष्ट पाहावी. १७ जून १६३१ रोजी याच शहरात मुमताजमहल चौदाव्या बाळंतपणात गेली. तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत, आहूखान्याच्या परिसरात, तिला तात्पुरते पुरले. डिसेंबरात देह बाहेर काढून आग्र्याला रवाना केला, आणि त्या प्रवासात सोबत होता तो हाच शाहशुजा, तेव्हा पंधरा वर्षांचा. आईचा देह बऱ्हाणपुराहून आग्र्याला पोचवणाऱ्या त्या मुलाने तीन वर्षांच्या आत त्याच गावात, त्याच कारणाने, बायकोला मूठमाती दिली.

या दोन कबरी एकमेकींना लावून सांगितल्या तर एकोणिसाव्या वर्षाच्या आतबाहेरचा एक मुलगा आणि दोन बायका डोळ्यांसमोर उभ्या राहतात, आणि बाळंतपण नावाच्या त्या काळच्या रणांगणाची कल्पना येते. राजवैद्य, दाया, खजिना, सारे हाताशी असून ज्यांना वाचवता आले नाही, त्या बायकांच्या या खुणा आहेत. पण निवेदनांत मुमताज ‘अमर प्रेमाची’ आणि बिल्कीस ‘खरबुजाची’. दोघींचा मृत्यू एकच होता, हे सांगायला कोणालाच सुचलेले नाही. मुमताजचे ते चौदावे मूल जगले. गौहरआरा तिचे नाव. ती १७०६ पर्यंत, म्हणजे पंचाहत्तर वर्षे जगली. आईच्या मरणाच्या गोष्टीत या लेकीला एक वाक्यही मिळू नये, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटले.

आहूखान्यापाशी निवेदनांचा सूर सर्वांत उंच जातो. ताजमहाल मुळात इथेच व्हायचा होता. मग माती भुसभुशीत निघाली, वाळवी लागली, संगमरवर आणणे जमेना, म्हणून तो आग्र्याला गेला, असे सांगितले जाते. ही आख्यायिका आहे, आणि आख्यायिका म्हणून ती ऐकायला गोडही आहे. हुकलेल्या मोठेपणाची हळहळ प्रत्येक गावाला असते. पण ‘असे सांगतात’ आणि ‘असे झाले’ यांतला फरक क्रियापदात राखता येतो. मराठीत, हिंदीत दोन्हीकडे तशी सोय आहे. ती सोय न वापरणे हा अज्ञानाचा नव्हे, शैलीचा दोष आहे. ऐकणाऱ्याला गृहीत धरण्यातून तो येतो.

४

आतापर्यंत सांगितले ते दोष निवडीचे झाले. आता गाळण्याविषयी. माझी मुख्य तक्रार तिथे आहे.

मुमताज गेली ते वर्ष कोणते होते? १६३० ते १६३२ हा गुजरात आणि दख्खनमधल्या भीषण दुष्काळाचा काळ. शाहजहान खानजहान लोदी आणि निजामशाही यांच्याविरुद्धच्या मोहिमेसाठी १६३० पासून बऱ्हाणपूरला तळ देऊन होता. त्याच वर्षी सुरतेहून आग्र्याकडे निघालेला पीटर मंडी हा इंग्रज याच वाटेने गेला आणि रस्त्याच्या कडेला पडलेल्या प्रेतांविषयी लिहून गेला. दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी यानेही दुष्काळ लपवलेला नाही. बऱ्हाणपूर, अहमदाबाद आणि सुरत इथे लंगर उघडले गेले, आणि बऱ्हाणपुरात दर सोमवारी ५,००० रुपये गरिबांना वाटण्याची आज्ञा झाली, असे तो सांगतो. ज्या शहराला दर सोमवारी पैसे वाटावे लागत होते, त्या शहराच्या रस्त्यांवर बाकीचे सहा दिवस काय असेल याचा अंदाज वाचकानेच करावा.

मराठी वाचकाला हा दुष्काळ परका नाही. तुकोबांच्या चरित्रात ज्या दुष्काळाने त्यांची पहिली बायको आणि मूल नेले, घरचा व्यापार बुडवला, तो याच वर्षांचा. देहूच्या इंद्रायणीकाठी आणि बऱ्हाणपूरच्या तापीकाठी एकाच उपासमारीत माणसे मरत होती. एका बाईसाठी बाग, मग आग्रा, मग जगाचे आश्चर्य. बाकीच्यांसाठी खड्डासुद्धा नाही. यात मुमताजचा काही गुन्हा नाही. तिच्या दुःखाला उणे लेखण्याचेही कारण नाही. पण कबरींची सहल म्हणून जे निवेदन आपल्याला दोन तास हिंडवते, त्याने ज्यांना कबर मिळाली नाही त्यांचा एकदाही उल्लेख करू नये, हे मला अक्षम्य वाटते. आहूखान्याच्या ओसाड बागेत उभे राहिल्यावर तर याची जाणीव अधिकच होते. तिथे आज कोणीच पुरलेले नाही. मोकळी जागा मोकळीच ठेवून तिच्यावर दुष्काळाविषयी चार वाक्ये बोलता आली असती. त्याऐवजी तिथे गझल वाजते.

हीच गोष्ट निघून गेलेल्या मृतांची. जहांगीरचा मुलगा खुस्रो १६२२ मध्ये शाहजहानच्या कैदेत असताना बऱ्हाणपूरला संपला. त्याचा देह अखेर अलाहाबादला विसावला. परवीझ १६२६ मध्ये इथेच गेला, त्यालाही आग्र्याला नेले. मुमताजचे वर आलेच. शिवाय ज्यांच्या नावाने हे शहर वसले ते सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब इथे नाहीतच, ते आपल्या खुलदाबादला आहेत. म्हणजे ज्यांच्यामुळे बऱ्हाणपूरचे नाव इतिहासात वारंवार येते, त्यांतले बरेच जण इथे नाहीत. बऱ्हाणपूर हे मरणाचे गाव आणि तरी अनेकांच्या विश्रांतीचे गाव नव्हे. एखाद्या लेखकाला याहून मोठे सूत्र काय हवे? पण आपली निवेदने एका थांब्यावरून दुसऱ्या थांब्यावर उड्या मारतात. सूत्र हा शब्दच त्यांना ठाऊक नसावा.

५

या निवेदनांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. ज्या तरुणांनी ती तयार केली त्यांना कोणी मानधन दिले असेल असे वाटत नाही. पाटीवरची बारीक अक्षरे न वाचणारी, किंवा वाचता न येणारी माणसे त्यांच्यामुळे या जागांपर्यंत पोचतात. शाळेची मुले पोचतात. कोणीच आत पाऊल टाकत नव्हते तिथे चार जण टाकू लागले तर वास्तू टिकण्याचीही शक्यता वाढते. हा गुण लहान नाही. फक्त माणसे आणल्यावर त्यांना काय द्यायचे याचा विचार झालेला नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

तो विचार कसा होतो, हे मला एका कबरीपाशी दिसले. तिथे बसलेल्या म्हाताऱ्या राखणदाराने माझ्या कानाकडे बोट दाखवून म्हटले, “भाऊ, ते काढा कानातलं. कुठले तुम्ही?” खानदेशकडचा म्हटल्यावर त्याने बादशहा सोडून दिला आणि थेट मिर्झाराजे जयसिंगापासून सुरुवात केली. “तुमच्या शिवाजी महाराजांशी तह केला ना, तोच. छत्री बघितली का त्याची?” त्याची मराठी निमाडी-हिंदीच्या अंगाने जाणारी होती, सनावळी कच्ची होती. पण त्याने आधी विचारले, मग सांगितले. श्रोता कोण, हे ज्याला कळते त्याच्याच सांगण्याला वाङ्मय म्हणता येते. यंत्राला हे विचारता येत नसेल, तर निदान यंत्रासाठी लिहिणाऱ्याने ते आधी स्वतःला विचारावे.

मिर्झाराजाचा धागा त्याने हातात दिला, तो मी पुढे ओढून पाहिला. १६६५ मध्ये पुरंदरचा तह, पुढच्या वर्षी महाराज आग्र्याला. विजापूरची मोहीम फसली, जयसिंग परत बोलावला गेला आणि ऑगस्ट १६६७ मध्ये वाटेत बऱ्हाणपूरला वारला. तापी आणि मोहना यांच्या संगमाजवळ बोहरड्याला त्याची छत्री आहे. त्याच्याच नावाची दुसरी छत्री बाळापूरला आपण पाहतो, ती त्याने हयातीत बांधवलेली. आणि गंमत अशी, की आग्र्याला ताजमहालासाठी जी जागा घेतली ती याच जयसिंगाच्या घराण्याची होती. मोबदल्यात त्याला दुसऱ्या हवेल्या मिळाल्या. मुमताजला कायमची जागा देणारा माणूस, ती जिथे गेली त्याच गावी येऊन संपला. हा योगायोग ऐकलेल्या एकाही निवेदनात नाही. कारण छत्री गावाबाहेर आहे, आणि ‘ताजमहालाची गोष्ट’ व ‘मराठ्यांची गोष्ट’ हे दोन वेगळे कप्पे मानले गेले आहेत.

६

मी ऐकलेल्यांपैकी एकही निवेदन मराठीत नव्हते. हे दुखणे भाषेच्या अभिमानापुरते नाही. १९५६ च्या पुनर्रचनेत बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात राहिले, २००३ मध्ये त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. पण जळगाव, बुलढाणा, अमरावतीशी त्याची सोयरीक, केळी आणि बाजार यांनी बांधलेलीच आहे. घराघरांत मराठी आहे. तेव्हा मराठी निवेदन व्हावेच. पण हिंदी संहितेचे मराठी भाषांतर करून ‘अद्भुत’चे ‘अद्भुत’च ठेवायचे असेल, तर ते न झालेले बरे. मराठी निवेदनाला स्वतःची उभे राहण्याची जागा हवी. ती जागा तुकोबांच्या दुष्काळात आहे, मिर्झाराजाच्या छत्रीत आहे, खुलदाबादच्या वाटेवर आहे.

त्यासाठी याच गावात एक दाखला दगडावर कोरलेला आहे. फारुकी राजा राजे अलीखान याने बांधलेल्या जामा मशिदीत अरबीच्या जोडीला संस्कृत शिलालेख आहे. विक्रम संवत १६४६ आणि शके १५११ असा काळ देऊन त्यात फारुकी घराण्याची वंशावळ सांगितली आहे. हा राजा १५९७ मध्ये गोदावरीकाठच्या लढाईत मोगलांच्या बाजूने लढताना पडला आणि त्याचा देह बऱ्हाणपूरला आणून पुरला गेला. आपले पूर्वज कोण हे मशिदीच्या भिंतीवर संस्कृतात लिहावे असे त्याला वाटले, कारण ते वाचणारे लोक गावात आहेत हे तो जाणून होता. सव्वाचारशे वर्षांपूर्वी एका राजाला जी जाण होती, ती आजच्या निवेदकाला का असू नये?

एक सूचना वेगळी करावीशी वाटते. गावाबाहेर दाऊदी बोहरांची दर्गाह-ए-हकीमी आहे. सैयदी अब्दुल कादिर हकीमुद्दीन यांचे १७३० मध्ये निधन झाले. आजही लांबलांबून भाविक जियारतीला येतात. ती जिवंत श्रद्धेची जागा आहे. स्वच्छ, शांत, पांढरी. तिथेही माझ्या कानात माहिती चालूच होती, आणि शेजारी एक कुटुंब डोळे मिटून उभे होते. अशा ठिकाणी चांगल्या निवेदनाने दारातच सांगावे: आता हे बंद करा, आत जा, बाहेर आल्यावर पुढचे ऐका. कुठे बोलू नये हे कळणे हाही निवेदनकलेचाच भाग आहे.

एकूण, बऱ्हाणपूरच्या कबरींना अजून त्यांचा निवेदक मिळायचा आहे. त्याने दिशा अचूक सांगावी, विशेषण हात राखून वापरावे, आख्यायिकेला आख्यायिका म्हणावे, बिल्कीस बानूचे नाव खरबुजाच्या आधी घ्यावे आणि जैनाबादच्या मोकळ्या बागेत दुष्काळात गेलेल्यांसाठी थोडा वेळ थांबावे. इतके जमले तर ते निवेदन पर्यटनाच्या कामाचे राहीलच, शिवाय मराठी गद्यातही त्याला जागा मिळेल. स्थानपोथी लिहिणाऱ्या भाषेला हे जड जाऊ नये.